मेंढपाळाची पोरं मेंढरं का सोडतात?

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानं गवताळ रानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. ठराव २०२२च्या मार्चमधला, मांडला मंगोलियानं. २०२३चं भरडधान्य वर्ष आपल्याकडे बाजरीच्या बिस्किटांपर्यंत पोचलं होतं. या वर्षाचा तसा गाजावाजा होण्याची चिन्हं नाहीत. मेंढपाळाला कोण विचारतं?

पुणेकराला तो दिसतो मात्र दरवर्षी. दिवाळी सरली की बोपदेव घाटात, कात्रजला, खेड-शिवापूरच्या महामार्गावर पहाटे मेंढरांचा लोंढा आडवा येतो. दोन-तीन घोडी, त्यांच्या पाठीवर अंथरुणं, पातेली, जाळीच्या गुंडाळ्या, वर बांधलेल्या कोंबड्या आणि पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं दोन दिवसांचं कोकरू. मागून बाया, पुढे काठी आडवी धरून गाड्या थांबवणारा मेंढका. आपण हॉर्न वाजवतो, गाडी काढतो आणि विसरून जातो.

त्याच कुटुंबातला थोरला मुलगा चाकणला किंवा रांजणगावला कंत्राटी कामावर असतो, पुतण्या वाघोलीत सोसायटीच्या गेटवर बसलेला असतो, मेहुणा जेसीबी चालवत असतो. तो आपल्याला मेंढपाळ म्हणून दिसतच नाही. कोरडवाहू मुलखातल्या भटक्या मेंढपाळांतून माणसं बाहेर का पडतात, हा प्रश्न माणपासून मंगोलियापर्यंत आणि राजस्थानपासून केनियापर्यंत सगळीकडे आहे. त्याचं ठरलेलं उत्तर 'दुष्काळ' असं दिलं जातं. हे उत्तर निम्मंच खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्याकडे पाहिलं नाही तर सगळे उपाय चुकतात.

मुळात हे लोक फिरतात कशासाठी?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बारामतीकडे, पाचशेच्या आसपास. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख कोरडा राहतो. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पुरंदरचा पूर्व भाग, बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, फलटण, माण, खटाव हे सगळं त्यात आलं.

पाऊस कमी असणं ही एक अडचण. त्याहून मोठी म्हणजे तो लहरी आहे. सुप्याला झोडपतो आणि मोरगावला चार थेंब. शेतकऱ्याचं शेत जागचं हलत नाही, म्हणून त्याला पावसाची वाट बघावी लागते. मेंढपाळ पावसाकडे चालत जातो. गवत कुठे उगवेल हे आधी सांगता येत नसेल तर गवत उगवेल तिथे जाणं एवढाच शहाणपणा उरतो. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी जवळपास ४० टक्के जमीन कोरडवाहू आहे आणि तिच्या मोठ्या भागात हजारो वर्षं हेच चाललंय. असं हंगामाप्रमाणे जनावरं घेऊन फिरणाऱ्यांना या लेखात मी भटके पशुपालक म्हणेन. ते वाट फुटेल तिकडे जात नाहीत. रस्ते ठरलेले, मुक्काम ठरलेले, पाणवठे ठरलेले, आणि कित्येकदा शेतकऱ्यांची घरंही आजोबापासून ठरलेली.

आपल्या धनगरांचं वर्ष साधारण असं. पावसाळ्यात गावाकडच्या माळावर. दिवाळीनंतर पाच-सहा बिऱ्हाडं मिळून एक वाडा करतात (वाडा म्हणजे हा फिरता तळ, शनिवारवाडा नव्हे), त्याचा एक कारभारी असतो आणि वाडा पश्चिमेला निघतो. कोणी भोरवरून वरंध घाट उतरतो, कोणी मुळशीवरून ताम्हिणी. खाली कोकणात भाताची कापणी झालेली असते, खाचरं मोकळी असतात. मेच्या अखेरीस परतायचंच, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला मुसळधार पाऊस सोसत नाही. खूर सडतात, सर्दी होते, अंग ओलं राहून जनावर बसतं ते उठत नाही.

वाटेत रोजगार असतो तो मेंढ्या बसवण्याचा. शेतकरी आपल्या रानात रात्री कळप बसवून घेतो, लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं, बदल्यात धान्य किंवा रोख मिळते. संध्याकाळी वाघर लावायचं काम बघण्यासारखं असतं. वाघर म्हणजे जाळी. खुंट्या ठोकून गोल करायचा, आईच्या मागे येणारी कोकरं वेगळी काढून डालग्यात घालायची, मेंढ्या आत घ्यायच्या आणि कुत्री चारी बाजूंना. हे बहुतेक बायाच करतात, चूल पेटवायच्या आधी. दुसऱ्या दिवशी जाळी उचलून शेजारच्या वाफ्यात. अशानं दोन-चार दिवसांत सगळं रान खतावतं.

म्हणजे दुष्काळ पडला की हे मोडतं, असंच ना?

उलट, हे सगळं उभंच दुष्काळासाठी केलंय. दर दोन-तीन वर्षांनी पाऊस दगा देणार हे गृहीत धरूनच माणच्या माणसानं मेंढरं राखली. बारामाही पाण्याच्या गावात हा धंदा जन्मालाच आला नसता.

दुष्काळ मेंढपाळाला फिरवतो. त्याला धंद्यातून उठवतो तो दुष्काळ आणि अडलेली वाट एकत्र आली म्हणजे. २०२३ साली सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातले शिरूर, दौंड, इंदापूर, पुरंदर आणि बारामती होते. अशा वर्षी वाडा लवकर निघतो, लांब जातो, उशिरा येतो. जिथे जायचं ते रान मोकळं असेल तर कळप निभावतो. तिथे तार असेल, प्लॉट पडले असतील किंवा वनखात्याची रोपं लावलेली असतील, तर मेंढी भुकेनं मरते किंवा मरायच्या आधी बाजारात मातीमोल जाते.

हवामान बदललं आहे, ते मी नाकारत नाही. पण मेंढपाळाला जास्त भीती अवेळी येणाऱ्या पावसाची आहे. १ आणि २ डिसेंबर २०२१ला पुणे आणि नगर जिल्ह्यांत पाऊस आणि गारठा एकदम आला. उघड्यावर, चिखलात बसलेली मेंढरं शेकड्यांनी मेली. चारा होता, पाणी होतं, आणि एका रात्रीत कळप गेला. मंगोलियातही संकट असंच थंडीतलं असतं. तिथे त्याला झुद म्हणतात: बर्फाचा थर इतका कडक होतो की खालच्या गवतापर्यंत तोंड पोचत नाही. २०२३-२४च्या हिवाळ्यात तिथे ७० लाखांच्या आसपास जनावरं दगावली.

एका फटक्यानं कुटुंब बाहेर कसं पडतं?

इथे थोडा हिशेब करावा लागेल. कळप ही बँकेतली मुदत ठेव धरा. माद्या हे मुद्दल, नर कोकरं हे व्याज. व्याजावर घर चालतं. मुद्दलाला हात लावायचा नाही. म्हाताऱ्या माद्यांच्या जागी पोटच्या पाठी, म्हणजे मादी कोकरं, वाढवायच्या आणि मुद्दल तेवढंच ठेवायचं.

आकडे समजण्यापुरते धरू. शंभर माद्या आहेत, वर्षाला सत्तर कोकरं जगली, त्यातली निम्मी नर. पस्तीस नर सहा-सहा हजारांना गेले तर दोन लाख दहा हजार. औषधं, विकतचा चारा, घोड्याचा खर्च वजा जाता घर चालतं. आता माद्या तीसच असतील तर दहाच नर निघतात, म्हणजे साठ हजार. पण तीस मेंढ्यांमागेही माणसाला तेवढंच चालावं लागतं जेवढं शंभरांमागे. वाघर तेवढीच लावावी लागते, रात्री बिबट्यासाठी तेवढंच जागावं लागतं. दोन जाणती माणसं वर्षभर अडकून हातात साठ हजार. एमआयडीसीतला कंत्राटी पोरगा महिन्याला पंधरा हजार मिळवत असेल तर तेवढे चार महिन्यांत आणतो.

म्हणजे प्रत्येक मुलखात एक उंबरठा असतो. कळप त्याच्या वर असेल तर एखादा दुष्काळ पचतो, दोन-चार वर्षांत जनावरं पुन्हा वाढतात. उंबरठ्याखाली गेला की पोटासाठी माद्या विकाव्या लागतात, ठेव मोडते, पुढच्या वर्षी व्याज आणखी कमी, पुन्हा माद्या विकायच्या. यातून परत वर येणं फार अवघड. अभ्यासक याला दारिद्र्याचा सापळा म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या बोराना पशुपालकांमध्ये हा प्रकार बारकाईनं तपासला गेलाय. तिथेही उंबरठ्याखालचं कुटुंब आधी फिरणं थांबवतं, गावाजवळ घुटमळतं आणि मग मजुरीला लागतं.

म्हणून मदतीची वेळ महत्त्वाची असते. माद्या विकायच्या आधी आलेले दहा हजार रुपये आणि विकून झाल्यावर आलेले पन्नास हजार यांत मी पहिले दहा घेईन. केनियात मार्साबिट भागात २०१० साली एक विमा सुरू झाला. त्यात मेलेलं जनावर दाखवायचं नसतं, पंचनामा नसतो. उपग्रहावरून रानाची हिरवळ मोजतात, ठरलेल्या पातळीखाली गेली की पैसे मिळतात. आपल्याकडे मेलेल्या मेंढीचा कानातला बिल्ला, फोटो आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि वाडा असतो माणगावच्या खाचरात.

मटण सातशे-आठशे रुपये किलो आहे. मग परवडत नाही कसं?

हा प्रश्न मला मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत नेहमी ऐकू येतो. परवडतं, पण मोठ्या कळपाला. आणि इथे एक गोष्ट कळली की बाकीचं सोपं होतं: माणसं धंद्यातून बाहेर पडतायत, मेंढरं नाहीत. २०१२च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मेंढ्या होत्या २६ लाखांच्या जवळपास. २०१९ला त्या सुमारे २७ लाख झाल्या.

चाकण, यवत, लोणंदच्या बाजारात मागणी कधी पडत नाही. ज्याच्याकडे दोन-तीनशे मेंढ्या आहेत तो सालानं माणूस ठेवतो, टेम्पो करतो, वाडा पाठीवर न नेता चाकांवर नेतो. त्यानं गावात बंगला बांधलेला असतो. छोट्याच्या मोडलेल्या ठेवीतल्या माद्या याच्याकडे येतात आणि छोटा कधी कधी याच्याकडेच राखणीला राहतो. (जेजुरीचा खंडोबासुद्धा बाणाईपायी तिच्या बापाकडे मेंढरं राखायला चाकर म्हणून राहिला होता. पण तो देव, त्याला पगाराची चिंता नव्हती.) आफ्रिकेच्या शिंगापासून गोबी वाळवंटापर्यंत हीच फाटाफूट आहे: वरचे वर जातात, खालचे बाहेर पडतात, मधले पातळ होतात.

पूर्वी मधल्यांना आधार लोकरीचा होता. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीखेरीज फारशी कशाला चालत नाही. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची, मऊ घोंगडी तर मानाची. खुटेकर धनगरांचे माग त्यावर चालायचे. सोलापुरी चादर आली, मग स्वस्त ब्लँकेट आलं. आता मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते आणि लोकर पुष्कळदा बांधावर टाकून देतात. वर्षातून दोनदा हातात येणारा पैसा गेला, मागावरची माणसं गेली. बाहेर पडण्याची पहिली लाट खरं तर मागावरून उठली, रानातून नाही.

वाट कुणी अडवली?

कुणा एकानं नाही, आणि वाईट हेतूनंही नाही. म्हणून तर भांडायचं कुणाशी हे कळत नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. नीरा डावा कालवा १८८५ सालचा, उजनी धरण १९८०चं. कोरडवाहू रानात वर्षातून एक पीक निघायचं, बाकी महिने पड. ती पड हीच मेंढराची चराई होती. पाणी आलं, ऊस आला, रान बारा महिने भरलं. ऊस थोडं परतही करतो. तोडणीच्या हंगामात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतात आणि बारामती-इंदापूरकडचे कित्येक वाडे त्यावर निभावतात. पण जुन्नर-शिरूरकडे त्याच उसात बिबट्या मुक्कामाला आला आणि उघड्यावर झोपणाऱ्या वाड्याइतकं सोपं सावज त्याला दुसरं नाही.

मग गायरानं. गावची सामायिक चराऊ जमीन कुठे घरांखाली गेली, कुठे शाळेखाली, कुठे दप्तरी आहे पण चारी बाजूंनी कुंपण. जेजुरी, कुरकुंभ, रांजणगाव, चाकण या औद्योगिक वसाहती मुख्यतः माळावरच उभ्या राहिल्या, कारण माळ म्हणजे रिकामी जमीन असा आपला समज. सरकारी नोंदीतही गवताळ माळ बहुधा पडीक म्हणूनच येतो. त्या 'पडीक' माळावर लांडगा आहे, चिंकारा आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जाऊन बघा.

आता पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांची जमीन घेण्याचं चाललंय. पारगाव मेमाणे, खानवडी, वनपुरी वगैरे. बाधित शेतकऱ्याचा मोबदला किती यावर भांडण जोरात आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या कळप चारणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही. ज्याच्याकडे कागद नाही तो बाधितांच्या यादीतच नाही. चराईची वहिवाट गेली याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

आणि आपल्या आवडत्या आदर्श गावांचंही बोललं पाहिजे. पाणलोटाची कामं झाली, गावं हिरवी झाली, त्यांच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी आहे. गावाला फायदा झाला, वादच नाही. ज्यांची मेंढरं त्या डोंगरावर चरायची ते ग्रामसभेत किती जण होते, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही.

पण मेंढरं माळ उजाड करतात. चराई थांबली तर बरंच की!

एका जागी महिनोन्‌महिने कोंडलेली मेंढरं रान उजाड करतात, हे खरंय. चार दिवस चरून पुढे गेलेला कळप वेगळा. तो वाळकं गवत काढून टाकतो, खत टाकतो, खुरांनी बी दाबतो आणि गवताला पुन्हा फुटायला वेळ देतो. माळावर चराई पूर्ण बंद केली तर बऱ्याच ठिकाणी काही वर्षांत झुडपं माजतात. गवत मागे पडतं, वणवा लागला तर जास्त भडकतो.

१९९८ साली केंब्रिजचे डेव्हिड स्नीथ यांनी रशिया, चीन आणि मंगोलिया यांच्या सरहद्दीवरच्या कुरणांची तुलना केली. हवामान सारखं, गवत सारखं, धोरणं वेगळी. रशियाच्या आणि चीनच्या बाजूला लोकांना एका जागी बसवलेलं, कुंपणं घातलेली. मंगोलियात कळप फिरते राहिलेले. सर्वांत कमी खराबा मंगोलियात आढळला. जनावरांच्या संख्येइतकंच ती किती हलतात यालाही महत्त्व असतं. आपण वाट अडवतो, कळप उरलेल्या तुकड्यात गर्दी करतो, तुकडा उजाड होतो, आणि मग त्याकडे बोट दाखवून आणखी चराईबंदी करतो.

मग यांना एका जागी बसवून सोय का करत नाहीत?

केली जाते. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७पासून आहे. वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदानावर. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी महिना सहा हजारांप्रमाणे २४ हजार चराई अनुदानाचीही तरतूद झाली. आपल्या गोखलेनगरात मेंढी-शेळी महामंडळाचं मुख्यालय आहे, तिथे या गोष्टींचा कारभार चालतो.

यात चराई अनुदान मला सर्वांत समजूतदार वाटतं, कारण पावसाळ्यात सगळीकडे पिकं उभी असतात आणि मेंढपाळाला पाय टाकायला जागा नसते. वीस अधिक एकचा गट ज्याच्याकडे आधीच साठ आहेत त्याला उंबरठ्याच्या वर ढकलतो. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याला वीस मेंढ्या दिल्या तर तो उंबरठ्याच्या बराच खाली उभा राहतो, मग त्याही जातात. बंदिस्त पालन म्हणाल तर ते शेळीला बऱ्यापैकी जमतं. पण त्याला हिरवा चारा लागतो, म्हणजे पाण्याखालची स्वतःची जमीन लागते. ती असती तर तो माणूस ऊस लावून बसला असता.

तरुण पोरं शहरात आली तर बिघडलं कुठे?

काहीच नाही, जर ती स्वतःहून आली असतील. रात्री पावसात घोंगडी डोक्यावर घेऊन उभं राहायचं, शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या, आज या शाळेत तर उद्या शाळाच नाही, यात रम्य असं काही नसतं. ते रम्य आपल्याला गाडीच्या काचेतून दिसतं. लग्नाच्या बाजारातही मेंढरामागे फिरणाऱ्याला मुलगी मिळणं कठीण झालंय. मुली स्पष्ट सांगतात की वाड्यावर नांदणार नाही. त्यांचं चुकतं असं कोण म्हणेल?

फरक बाहेर पडण्याच्या दारात आहे. कळप शाबूत असताना एक मुलगा शिकून पुण्यात लागला तर त्याच्या पगारातून उन्हाळ्यात चारा येतो, औषधं येतात, माद्या विकाव्या लागत नाहीत. त्याला शहरात काम गेलं तर मागे कळप असतो. दोन्ही बाजू एकमेकांना धरून राहतात. अशा घरानं धंदा सोडला असं म्हणताच येत नाही. त्यानं माणसं वाटून घेतली. माझ्या मते हाच सर्वांत शहाणा मार्ग आहे आणि सरकारी योजनांना तो दिसत नाही, कारण अर्जात व्यवसाय एकच लिहायचा असतो.

कळप संपल्यावर बाहेर पडलेल्याचं तसं नसतं. त्याच्याकडे ना शिक्षण, ना ओळख, ना मागे परत जायला काही. बाईचं तर दुहेरी जातं. कित्येक घरांत आंदण आलेल्या शेळ्या-मेंढ्या तिच्या असतात, कोकरांची जबाबदारी तिची, वाडा कुठे उतरायचा यात तिचा शब्द असतो. शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत ती धुणीभांडी शोधते. मंगोलियाची राजधानी उलानबातर भोवतालच्या तंबूवस्त्यांनी अशीच वाढली. ३५ लाखांच्या देशात जवळपास निम्मी माणसं आज त्या एका शहरात आहेत. हिवाळ्यात तंबूतल्या चुलींच्या कोळशानं हवा इतकी खराब झाली की २०१७मध्ये शहरात नव्यानं राहायला यायलाच बंदी घातली गेली. आफ्रिकेत मॉरिटानियाची राजधानी नुआकशोत १९५८ साली जेमतेम पंधरा हजार माणसांसाठी आखली होती. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या दुष्काळांनी तिथे भटक्यांचे तांडे आणून सोडले आणि ती दहा लाखांच्या पुढे गेली.

गंमत म्हणजे ही वाहतूक दोन्हीकडून होते. नव्वदच्या दशकात मंगोलियात सरकारी कारखाने बंद पडले तेव्हा शहरातली माणसं जनावरं घेऊन गवताळ रानात परतली होती. १९९९नंतरच्या झुदांनी त्यांना पुन्हा शहरात आणलं. रान मोकळं असेल तर परतीचा रस्ता राहतो.

कायदा काही म्हणतो का?

म्हणतो. २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. अडचण पुराव्याची. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वावर दाखवावा लागतो, आणि दावा सुरू होतो ग्रामसभेत. वाड्याची वाट पाच तालुक्यांतून जाते. कुठल्या ग्रामसभेत बसायचं? शिवाय ज्या गावातून तो आठ दिवस जातो तिथे तो परका. धनगर समाजाच्या आरक्षणाचं राजकारण इतकं तापलेलं असतं की चराईच्या हक्काचं हे कलम सभांमधून क्वचितच ऐकू येतं. आरक्षणानं शहरातल्या पोराला नोकरी मिळेल. वरंध घाटातल्या वाड्याला त्यानं वाट मिळत नाही.

नेमके किती लोक बाहेर पडले?

बाहेर पडलेल्यांची गिनती व्हायची तर आत किती होते हे आधी मोजलेलं हवं. पशुगणनेत आजवर मेंढ्या मोजल्या गेल्या. फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद घ्यायचं पहिल्यांदा ठरलं ते २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या २१व्या पशुगणनेत. जनगणनेत स्थलांतराचा प्रश्न असा असतो की याआधी कुठे राहत होता. दरवर्षी जाऊन दरवर्षी परत येणाऱ्याला त्याचं उत्तर काय द्यायचं? गावातल्या शिधापत्रिकेवर त्याचं नाव असतं, म्हणून कागदावर तो गावातच बसलेला असतो.

येती जनगणना २०२७च्या फेब्रुवारीत होतेय, जातीच्या नोंदीसह. फेब्रुवारीत पुरंदर-बारामतीचे वाडे रायगडच्या खाचरांत असतात. २०११मध्ये उघड्यावर राहणाऱ्यांना २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजलं होतं. एसटी स्टँड आणि पुलांखाली प्रगणक पोचतो, डोंगराकडेच्या भातखाचरात पोचेलच असं नाही. माणगाव, महाड, रोह्याच्या तहसीलदारांनी जानेवारीत तलाठ्यांकडून एवढं विचारून घेतलं तरी पुष्कळ काम होईल: यंदा कुणाकुणाच्या रानात मेंढ्या बसवल्या आहेत? शेतकऱ्याला ते तोंडपाठ असतं, कारण धान्य त्यानंच मोजून दिलेलं असतं.